रंगीत तालीम

रुवीच्या फ्लॅटमध्ये, जेवणं झाल्यावर,
आमटीचं भांडं बाजूला सारून
सुलभानं नकाशा पसरला.
मालागापासून बोटभर आत, डोंगराच्या टोकावर
शीत सांडावं तसं एक गाव.
"सगळं पांढरं," ती म्हणाली. "एका दिवसात जाऊन यायचं."

एकतीस वर्षं मी मस्कतच्या भिंतींना पांढरा देतोय.
आधी स्वतः, शिडीवर,
मग दहा जणांकडून,
आता नुसता कागदावर.
मोतिया, हस्तिदंती, दुधी, अंड्याच्या कवचासारखा,
अकरा पांढरे मी डोळे मिटून सांगेन.
सुट्टीतही भिंतीच बघायच्या?
हे बोललो नाही.
विचारलं एवढंच, बस किती वाजता?

बस सातला. नऊला पायथ्याशी.
तिथून दोनशे चौदा पायऱ्या.
तिनं त्या फोटोत मोजल्या होत्या, भिंग लावून,
सावलीतल्या अंदाजानं.
वर चौक, चौकात कॉफी.
दोन ते पाच गाव झोपतं.
"मग आपण काय करायचं?"
"डबा खायचा."
एवढं विमानानं जायचं आणि दशम्या!
परतीची बस साडेपाचला. ती चुकली, तर
ह्या 'तर'पुढं तिनं पेन्सिलीनं एक गोल काढला
आणि रिकामा ठेवला.

एजंटानं टॅक्सीचे एकशेचाळीस रियाल सांगितले.
"चुना लावतोय मेला," ती म्हणाली,
आणि माझ्याकडे बघून पदरात हसली.

स्टोअरमध्ये, डब्यांच्या थप्पीपाशी,
मी खल्फानला गावाचं नाव दाखवलं.
त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं,
मग घशातून काढलं: अल-कलआ.
"किल्ला. हे तर आमचं नाव. तिकडे कुणी नेलं?"
मी म्हटलं, आमच्याकडेही आलंय,
येताना एक ल जास्तीचा घेऊन.
तो थप्पीला टेकला.
"मग तुझ्या गावात एक, माझ्या गावात एक.
तिसरा बघायला पैसे देतोस?"

व्हिसाच्या काउंटरवर यंत्र माझी बोटं घेईना.
चिपळूणला, एकोणिसाव्या वर्षी,
उघड्या हातांनी कळीचा चुना कालवला होता;
रेषा तेव्हाच गेल्या.
मुलीनं क्रीम लावलं, पुसलं, पुन्हा दाबलं.
चौथ्या खेपेला दिवा हिरवा झाला.
की तिनंच कंटाळून काही दाबलं,
कोण जाणे. पंधरा दिवस थांबा, म्हणाली.

पंधरा दिवस थांबणारी ही बाई नव्हे.
शुक्रवारी पहाटे आम्ही मत्रात,
बाजाराच्या मागच्या अरुंद जिन्याशी.
गुडघ्याला पट्टा, पायात नवे बूट, पिशवीत डबा.
पांढऱ्या गावाची रंगीत तालीम.
जिना सत्तर पायऱ्यांचा.
"तीनदा चढू," ती म्हणाली, आणि मोजायला लागली.

तिसऱ्यांदा वर पोचलो तेव्हा
उन्हानं बंदरातली जहाजं उजळली होती.
मी सवयीनं भिंतीवर तळवा फिरवला:
भुकटी हाताला आली. एकच हात दिलेला.
सुलभानं पायरीवर डबा उघडला.
"हा चौक, असं समज."
समजलो.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं.
चौकटीत एक म्हातारा, डोक्याला टोपी नाही,
विचारतोय, कोण हवंय?
एकतीस वर्षांच्या माझ्या अरबीत
भाव होते, मापं होती, उद्या-परवा होतं;
ह्याचं उत्तर नव्हतं.
"कुणी नाही," सुलभा मराठीतच म्हणाली,
आणि दशमी पुढं केली.
त्यानं ती हातात घेतली, वास घेतला,
आत गेला.
कितीतरी वेळ आलाच नाही.
मग आला, काहव्याची किटली घेऊन,
तीन कप, आणि केस न विंचरल्याबद्दल
बहुतेक माफी मागत.

उतरताना ती कठड्याला धरून होती.
"साडेपाचची चुकली तरी चालेल," म्हणाली.
आणि जरा थांबून,
"दोनशे दहाच झाल्या रे."

उरलेल्या चार
आम्ही घरी चढलो,
लिफ्ट रिकामी उभी असताना.